चालवाची का विकाची?

“गाडी चालवाची हाय का विकाची?”

शहापूरला हमरस्त्यावर गाड्यांच्या इंजिन तेलाचं दुकान चालवणारे आमचे भाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी हेच विचारायचे. शेजारी माझं शिलाईचं दुकान होतं, म्हणून मापं घेता घेता हा प्रश्न मी रोज ऐकायचो. तुम्हाला वाटलं असतं, माणूस थट्टा करतोय. पण जुनं डिझेल इंजिन तेल जाळून निळा धूर सोडू लागलं, की विकणारे त्यात जाड तेल भरत. थोडे दिवस धूर दबतो, तेवढ्यात गिऱ्हाईक पटतं. जाड तेल मागणाऱ्याकडे भाऊ असे बघत, की तो बिचारा उगीचच खोकायचा.

एकदा एकोडीचा ट्रॅक्टरवाला तणतणत आला. “तुमचं तेल खराब निघालं जी! चार दिसात काळं झालं!”

“वावरातून आल्यावर तुमची बनियान पांढरी रायते का?” भाऊ म्हणाले. “काजळी तेलानंच उचलाची असते. काळं नाही झालं, तर मंग या भांडाले.”

तो चहा पिऊनच गेला.

भाऊंची स्वतःची एक जुनी डिझेल जीप होती. चढावर कण्हायची, धूर सोडायची, पण वाटेत कधी बसली नाही. मोतीबिंदूनं नजर मंदावली आणि ती विकायची वेळ आली. भंगारवाला घिरट्या घालतच होता. भाऊंना एकच घोर होता: गाडी तुटायला जाऊ नये, चालवणाऱ्याच्या हाती पडावी.

लाखांदूरहून एक शेतकरी बघायला येणार होता. आदल्या दिवशी भाऊ भंडाऱ्याला डोळे दाखवायला गेले, आणि वहिनींनी मिस्त्रीला बोलावून इंजिनात सगळ्यात जाड तेल भरून घेतलं.

सकाळी पाहुण्यासमोर जीप जडपणे सुरू झाली. धूर जवळजवळ नाहीच! पाहुणा खूश. भाऊंनी मात्र कान देऊन ऐकलं आणि इंजिन बंद केलं.

“तेल कोनं बदललं?”

वहिनी दारातच होत्या. “भंगारात गेली असती, तर घास उतरला असता का तुमचा?”

भाऊंनी जीपखाली घमेलं सरकवलं, खालचा बोल्ट सोडला. “बसा जी,” ते पाहुण्याला म्हणाले. “अर्धा घंटा लागन. हे विकाचं तेल हाय.”

नेहमीचं तेल भरून त्यांनी पुन्हा जीप सुरू केली. निळा लोट थेट माझ्या दुकानात शिरला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मलाही फार वाईट वाटलं. संपलं, म्हटलं.

पाहुणा गाडीभोवती दोनदा फिरला. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, “मी नेली, तर यात कोणतं तेल टाकू?”

भाऊंच्या तोंडून सवयीनं निघालं, “चालवाची हाय का विकाची?”

“चालवाची, भाऊ. धानाचे पोते न्याचे हायेत.”

मग भाऊंच्या बोलण्याचं काय विचारता! हिवाळ्यात कोणतं, उन्हाळ्यात कोणतं, ओझं असलं तर कधी बदलायचं, सगळं सांगून झालं तरी पाहुण्याचा हात सोडीनात. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी एका पायजम्याला मी दोन्ही पाय डावेच शिवले.

भाऊ आता नाहीत. त्यांच्या दुकानात बिस्किटं मिळतात. ते गेल्याच्या पुढल्या हंगामात एक जीप धानाची पोती लादून माझ्या दारावरून कण्हत गेली. मी मशीन सोडून बाहेर आलो. निळा धूर तसाच होता.