हुलावळे सरांची जन्मतारीख

हुलावळे सरांवर स्मरणिकेसाठी चार पानं लिहून द्या, असं प्राचार्यांनी मला सांगितलं. 'सरांना तुम्ही सगळ्यात जवळून ओळखत होतात.' ओळखत होते म्हणे! आधी तीन वर्षं त्यांची विद्यार्थिनी, मग सतरा वर्षं आमच्या कर्वेनगरच्या कॉलेजात इतिहास विभागातली त्यांची सहकारी. या माणसानं माझ्या डोक्याला जेवढा ताप दिला, तेवढा सासरच्यांनीही दिला नाही.

प्रा. मच्छिंद्र गेनबा हुलावळे. हिंजवडीच्या शेतकऱ्याचा मुलगा. मी विद्यार्थिनी होते तेव्हा 'अगं हेमा' म्हणायचे आणि नोकरीला लागल्या दिवसापासून 'अहो बाई'. कितीदा म्हटलं, सर, 'अगं' म्हणा हो. छे! आणि त्यांच्या तोंडी एकच शब्द, पुरावा. शिपाई संपत म्हणाला, चहात साखर घातलीय, तर यांचं उत्तर 'पुरावा?' एफ.वाय.ला मी एका बखरीच्या भरवशावर निबंध लिहिला, तर चक्क शून्य दिलं. 'एका कागदावर इतिहास होत नाही, दुसरा आणा.' मी वर्गातच रडले. त्यांनी शांतपणे पुढची वही उचलली.

२००५चा जून उजाडला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. इतिहासाला मुलं येईनात. पुढच्या वर्षी विभागात एकाच प्राध्यापकाचं काम उरेल, असा हिशेब कार्यालयानं मांडला. दोघांतला जो कनिष्ठ तो अतिरिक्त. म्हणजे मी. अतिरिक्त ठरलेल्यांची यादी डिसेंबरात जाणार आणि मग कुठल्या गावी पाठवतील याचा नेम नाही. इकडे कोथरूडच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा दहावीत, नवरा पाळ्यांच्या नोकरीत. मी गेले तर घर कोण बघणार? नोकरी सोडण्यावाचून मला दुसरा रस्ता दिसत नव्हता. सरांची निवृत्ती होती ३१ मे २००७ला, तोवर माझं काय व्हायचं ते होऊन जाणार होतं.

अशा वेळी धीराचा एक शब्द बोलावा की नाही? या गृहस्थांनी काय काढावं, तर स्वतःची जन्मतारीख! कागदोपत्री त्यांचा जन्म एक जून १९४७चा. आता आमच्या स्टाफरूममध्ये एक जूनवाले सात जण होते. पहिलीत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली तारीख, सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुणाचं काही अडत नाही. पण हुलावळे म्हणाले, 'इतिहासाचा प्राध्यापक खोट्या तारखेवर निवृत्त होणार? शोभत नाही, बाई. मोडी वाचायला तुम्ही चला.'

गेले. तीन वेळा गेले. त्यांच्या खटारा स्कूटरवर मागे बसून तालुक्याच्या कचेरीत. तिसऱ्या खेपेला जन्ममृत्यूची जुनी वही मिळाली आणि मोडीतली ती ओळ मीच वाचली. 'चौदा नोव्हेंबर १९४५. गेनबा धोंडिबा हुलावळे यांस मुलगा.' मुलाचं नाव नव्हतं, कारण नोंद बारशाच्या आधीच व्हायची. सर नुसतं 'बघा' म्हणाले. मी वैतागले होते. 'झालं समाधान? चला आता, मला सासूबाईंना भरवायचंय.'

सेवापुस्तकातली तारीख आता बदलता येत नाही, असं कार्यालयानं सांगितलं. सर म्हणाले, 'कागद तुमचा राहू द्या. मला नोव्हेंबरात साठ पूर्ण होतात, मी जातो.' आणि सरळ स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. स्टाफरूममध्ये नुसता हशा. 'हुलावळे स्वतःच्या बारशाला साठ वर्षं उशिरा पोचले,' असं कुणीतरी म्हणालं. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

तीस नोव्हेंबरला ते निवृत्त झाले, विभागात मी एकटीच उरले, त्यामुळे यादी गेलीच नाही, मी वाचले. देवापुढे साखर ठेवली. पण त्यांचे सगळे तास माझ्या गळ्यात पडले होते. मी फोन करून झापलं त्यांना. 'मुलांची परीक्षा होईपर्यंत दम धरवला नाही का हो तुम्हाला?' तर म्हणतात, 'साठ म्हणजे साठ, बाई.' मला संशय आला नाही का? अजिबात नाही. हा माणूस एका तारखेपायी नोकरी सोडेल, हे मला अगदी पटलं.

बरं, गेलात तर घरी बसा. पण नाही! दर सोमवारी हिंजवडीहून बस बदलत यायचे आणि माझ्या वर्गाबाहेर व्हरांड्यात तासभर उभे राहायचे. तास संपला की माझ्या चुका सांगायचे. 'तुमचं पानिपत घाईत उरकलं, बाई.' मी चिडून म्हणायचे, 'एवढी हौस होती तर सोडलंत कशाला?' ते चष्मा पुसत बसायचे.

गेल्या महिन्यात, दिवाळी होऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा, सर गेले. स्मरणिकेत तारीख चुकायला नको म्हणून मी हिंजवडीला त्यांच्या घरी गेले. कंपन्यांच्या बसगाड्यांमागे दोन तास रखडले. त्यांची थोरली बहीण मुक्ताबाई ओसरीत बसली होती. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत. मी म्हटलं, 'सरांचा जन्म चौदा नोव्हेंबरचा ना?'

'त्यो थोरला,' मुक्ताबाई म्हणाली. 'पाच म्हैन्यांचा हुऊन गेला. ह्यो त्याच्या पाठचा, भातलावणीतला. सातंत्र्याचा झेंडा लावला तवा माझ्या काखंत हुता, दीड म्हैन्याचा.'

'सरांना हे माहीत होतं?'

'न ठावं व्हायला काय झालं? थोरल्याचंच नाव ठेवलं की त्याला.'

मोडी वाचली मी, मोठ्या ऐटीत वाचली, पण हा मुलगा कोणता, एवढं विचारायचं सुचलं नाही. आणि सर शेजारी उभं राहून 'बघा' म्हणाले होते.

मुक्ताबाई माझ्याकडे निरखून बघत होती. 'कालेजातली बाई म्हंजी तूच व्हय? पोरगं दहावीला आन सासू हातरुणात? बोलला हुता मला. मी म्हनलं, आरं, शिकिवल्याबिगर तुला करमायचं न्हाई. तर म्हनला, त्या बाईला कळू दिऊ नगंस. आता त्योच गेला, म्हून बोलते.'

मला असा संताप आला म्हणता! त्यांच्या घरात, त्यांच्या बहिणीसमोर मी ओरडले, 'एकदा मला विचारायचं तरी! कोण समजत होते स्वतःला? शिकवणं सोडून वर्गाबाहेर उभे राहात होते, आणि मी त्यांना वेड्यात काढत होते!'

मुक्ताबाईनं मला ओरडू दिलं. मग अगदी साधेपणानं म्हणाली, 'इचारलं असतं, तर तू नगं म्हनली असतीस का, बाई?'

नसते म्हणाले.