सहदेवची खिंड

वाकोल्याचा सहदेव परब लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. दिवसभर सरळ वर आणि सरळ खाली. त्यामुळेच असेल, पण या माणसाला वळणावळणाच्या घाटरस्त्यांचं भारी वेड. श्रावण लागला की त्याच्या घरात भाजीपेक्षा घाटांचीच चर्चा जास्त. गणपतीला गावी जाताना महामार्गावरच्या घाटात अर्धी मुंबई अडकते, आणि तिला सोडवणं हे आपलं काम आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत. त्याला या कामावर कुणी नेमलं नव्हतं, एवढंच.

यंदा मात्र त्याला स्वतःचीच घाई होती. गावच्या घरी गणपतीच्या पूजेला बसायची पाळी भावकीत फिरत फिरत त्याच्याकडे आली होती. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच तो त्यांच्या पाटावर बसणार होता. वेळेत पोचला नाही, तर चुलतभाऊ धोंडू बसणार. धोंडू गावातच राहतो, आणि दरवर्षी सोवळं नेसून तयारच असतो.

सहदेवने एका खिंडीतला जुना रस्ता शोधून काढला. चहाच्या टपऱ्यांसकट हाताने नकाशा काढला आणि गावकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'फक्त आपल्या माणसांसाठी.'

"अहो, शोधलात तर गप जा ना," बायको रत्नप्रभा म्हणाली. "जगाला कशाला सांगताय?"

"जग कुठे? आपलीच माणसं आहेत."

आता सहदेवची आपली माणसं म्हणजे घाटकोपरपासून गोरेगावपर्यंत कुणीही. रत्नप्रभाने त्याचा नाद सोडला आणि एसटी पकडून नेहमीच्या महामार्गाने निघून गेली.

चतुर्थीला उजाडलं तेव्हा सहदेवची गाडी खिंडीत उभी होती. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि प्रत्येक गाडीत त्याचाच नकाशा. पहिल्याच टपरीवरचा चहा संपला होता. सहदेव खाली उतरून हातवारे करत वाहतूक सोडवायला लागला.

"खंयच्या शाण्यान ह्यो रस्तो दाखवल्यान?" एका गाडीतल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"काय एकेक माणसं असतात," सहदेव म्हणाला.

तेवढ्यात रत्नप्रभाचा फोन आला. "मी पोचले. महामार्ग एकदम मोकळा होता. तुम्ही कुठे?"

"धोंडूला बसू दे पूजेला," सहदेव कसाबसा म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला रडूच आलं.

पुढच्या गाडीची काच खाली झाली. आत गोरेगावचे भटजी, मांडीवर पोथी घेऊन. दरवर्षी परबांची पूजा सांगायला तेच गावी जातात.

"सहदेवा, रडू नकोस," ते म्हणाले. "मीही तुझाच नकाशा बघून आलोय. माझ्याशिवाय धोंडू काय पूजा करणार?"

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोघं घरी पोचले. गणपतीच्या तोंडावरचा रुमाल अजून तसाच होता. धोंडूने मोबाइलवर मंत्र लावून पाहिले होते, तर रत्नप्रभाने त्याचा मोबाइल तांदळाच्या डब्यात टाकला होता. "पाट ह्यांचो आसा," एवढंच म्हणत ती सकाळपासून रिकाम्या पाटाशेजारी बसून होती.

सहदेव आंघोळ करून वडिलांच्या पाटावर बसला. पहिलं फूल वाहण्याआधी त्याने पाटाला हात लावून नमस्कार केला.

आरती झाल्यावर थोरल्या काकांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, सगळ्या लेकरांका सुखात ठेव."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आणि ह्या सहदेवाक परत रस्तो शोधूची बुद्धी देऊ नको, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!" यात भटजींचा आवाज सगळ्यात मोठा. सहदेवही म्हणाला, पण जरा हळूच. परतीचा रस्ता त्याच्या डोक्यात आधीच तयार होता.