संजीवनीने दिलेला सल्ला

दिवाळीच्या सुट्टीत अंबरनाथ पूर्वेच्या शाळेत रांगोळी प्रदर्शन भरलं की दारातून आत येणारे लोक आधी विचारायचे, "भोईर बाईंची कुठे आहे?" संजीवनी भोईरची रांगोळी हॉलच्या अगदी टोकाला असायची, म्हणजे तिच्यापर्यंत पोचायला बाकी सगळ्या रांगोळ्यांसमोरून जावं लागे. ही आयोजकांची युक्ती होती. संजीवनीला ती ठाऊक होती आणि दर वर्षी ती नव्याने आवडायची.

ती मूळची कुळगावची. माहेरी भातशेती, दारापुढे सारवलेलं अंगण, आणि सकाळी रांगोळी घालायचं काम तिच्याकडे. शेजारच्या अंगणातली रांगोळी आपल्यापेक्षा चांगली उतरली, की ही पोर हळूच त्या बाजूला कोंबड्यांना दाणे टाकायची. आईने एकदा पाहिलं आणि पाठीत धपाटा घातला. सवय सुटली, स्वभाव मात्र राहिला. लग्न होऊन ती अंबरनाथला आली. नवरा राजू एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर. घर दोन खोल्यांचं, पण फरशी गुळगुळीत होती, आणि त्या फरशीवर संजीवनी माणसांचे चेहरे काढायला शिकली. कुणी शिकवलं नाही. फोटो समोर ठेवायचा, खडूने चौकोन आखायचे आणि चहाच्या गाळणीतून रंग इतका हलका पाडायचा, की गालावर सावली पडल्यासारखी वाटावी. म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या, चष्म्याच्या काचेवरची चमक, नथीतला मोती. लोक वाकून बघत आणि म्हणत, "हा फोटोच आहे." तिला याहून मोठं कौतुक नको होतं.

अशाच एका प्रदर्शनात शलाका तिला भेटली. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग टेबलावर काम करणारी, संजीवनीपेक्षा बरीच लहान. सगळी गर्दी पांगल्यावरही ती तिथेच उभी होती. "ताई, मला शिकवाल?" तिने विचारलं. संजीवनीने आढेवेढे घेतले, पण मनातून ती खूश झाली.

मग दर रविवारी शलाका यायची. दोघी मिळून सोफा भिंतीला सरकवायच्या आणि फरशीवर बसायच्या. शलाकाचा हात कच्चा होता. चिमटीतून रांगोळी सोडताना तिची रेघ मध्येच जाड व्हायची, चेहरा एका बाजूला सुजल्यासारखा दिसायचा. संजीवनी तो पुसून परत काढायला लावायची, ओरडायची नाही, चहा करून द्यायची. शलाका तिला मनापासून आवडत होती. शलाकाला येत नव्हतं हे त्या आवडण्याचं अर्धं कारण होतं, हे संजीवनीच्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

"ताई, तुम्हाला सुचतं कसं?" शलाका एकदा म्हणाली.

"सुचायचं काय त्यात? फोटो घ्यायचा आणि नीट बघायचं."

"पण हाच फोटो घ्यायचा, हे कसं ठरतं?"

"चेहऱ्यात सावली चांगली पाहिजे. पुढचं आपोआप होतं." संजीवनीने गाळणी आपटून साफ केली आणि विषय संपवला.

एका रविवारी शलाका रांगोळीऐवजी एक गुंडाळी घेऊन आली. कारखान्यात कटिंगनंतर जीन्सच्या चिंध्या उरतात, त्या तिने गोळा केल्या होत्या. धुतलेल्या, न धुतलेल्या, ब्लीच मारलेल्या. त्यात काळपट निळ्यापासून दुधासारख्या फिक्या निळ्यापर्यंत सगळ्या छटा होत्या. "रांगोळी हाताला जमत नाही," ती म्हणाली, "म्हणून म्हटलं तुमची सावली कपड्यातून पाडून बघू." तिने गुंडाळी फरशीवर उलगडली.

चिंध्या शिवून केलेलं चित्र होतं ते, शलाकाच्या आईचं, इंदुबाईचं. उल्हासनगरच्या कारखान्यांत तिने आयुष्यभर धागा कटिंग केलं, म्हणजे शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापायचे. चित्रात ती पाठमोरी बसली होती, पुढे पँटींचा ढीग. चेहरा दिसतच नव्हता. सावलीही संजीवनीने शिकवली तशी नव्हती, ओबडधोबड होती. पण चिंध्यांच्या कडांचे धागे शलाकाने तसेच सोडले होते. ते त्या बाईच्या खांद्यांवरून, पाठीवरून, ढिगावरून लोंबत होते. पंख्याच्या वाऱ्याने ते हलले आणि ती बाई श्वास घेत असल्यासारखी वाटली.

इतक्या वर्षांत संजीवनीने काढलेला एकही चेहरा असा हलला नव्हता. तिने काढलेल्या डोळ्यांत पाणी चमकायचं, पण ते फोटोतलं पाणी असायचं. ही पोरगी, जिची रेघ सरळ येत नाही, तिने चेहरासुद्धा न काढता माणूस बसवला होता. आणि आपण काय केलंय हे तिला कळलेलं दिसत नव्हतं. ती घाबरून संजीवनीच्या तोंडाकडे बघत होती.

"छान आहे," संजीवनी म्हणाली. "पण फिनिशिंग नाही."

"म्हणजे?"

"हे धागे बघ ना. घाईत केल्यासारखं वाटतं. कडा सारख्या कर, धागे सगळे काप. मग काम नीट दिसेल."

बोलताना तिचा आवाज शांत होता, दर रविवारी असायचा तसाच. शलाकाने मान डोलावली. "मलाही वाटलंच होतं, काहीतरी राहिलंय," ती म्हणाली आणि गुंडाळी उचलली.

धागे कापलेलं चित्र शलाकाने बदलापूरच्या एका प्रदर्शनात लावलं. संजीवनी मुद्दाम बघायला गेली. कडा सुबक होत्या, निळ्या छटा नीट लागल्या होत्या आणि बाई मेली होती. लोक समोरून जात, एखादा म्हणे, "जीन्सचं आहे का? आयडिया मस्त आहे," आणि पुढे सरके. शलाका भिंतीशी हाताची घडी घालून उभी होती. संजीवनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिलंच आहे, असं होतं." घरी येताना तिला हलकं वाटत होतं. रात्री मात्र जेवण गेलं नाही. राजूने विचारलं तर म्हणाली, "पित्त झालंय."

त्यानंतर शलाकाचं येणं कमी झालं. कारखान्यात ऑर्डरची गडबड आहे, असं ती फोनवर सांगायची. आणि एक दिवस संजीवनीला तिच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर नवं चित्र दिसलं. पुन्हा इंदुबाई, या वेळी नुसते हात आणि कात्री. धागे होते. इतके होते की काही ठिकाणी हात त्यांतून शोधावे लागत होते. संजीवनीने ते बोटांनी मोठं करून पाहिलं, परत लहान केलं, परत मोठं केलं. स्टेटस बघितलं की बघणाऱ्याचं नाव समोरच्याला कळतं, हे तिला उशिरा आठवलं. तिने काहीच लिहिलं नाही.

पुढे गोष्टी भराभर घडल्या. ते चित्र पुष्कर नावाच्या एका तरुणाने पाहिलं. तो बदलापूरला स्वतःच्या छोट्या फिल्म बनवायचा आणि एका वाचनालयाच्या हॉलमध्ये आसपासच्या कलाकारांच्या गप्पा ठेवायचा. कुणी शिल्पं करणारा, कुणी गाणी लिहिणारी, प्रत्येकाने आपलं काम आणि ते कुठून येतं ते सांगायचं. त्याने शलाकाला बोलावलं. शलाका म्हणाली, मी एकटी येणार नाही, माझ्या ताईंनाही बोलवा. अशा रीतीने संजीवनीला आमंत्रण आलं, आणि ते कुणामुळे आलं हे पुष्करने भोळेपणाने तिला सांगूनही टाकलं.

ती पैठणी नेसून गेली. आधी तिला बोलायला दिलं. चौकोन कसे आखायचे, त्वचेचा रंग कसा मिसळायचा, गाळणी किती उंचावर धरायची, हे तिने नीट सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मागून एका मुलीने विचारलं, "पण तुम्ही हीच माणसं का काढता?"

"लोकांना आवडतात म्हणून," संजीवनी म्हणाली. उत्तर खरं होतं, आणि हॉलमध्ये ते किती बारीक पडलं हे तिला स्वतःलाच ऐकू आलं.

मग माइक शलाकाकडे आला. "मी आधी आईला काढलं तेव्हा धागे सोडले होते. का सोडले ते माहीत नव्हतं. मग ताई म्हणाल्या, धागे काप. मी कापले. कापताना बाजूला आई बसली होती. मला म्हणते कशी, कात्री अशी नको धरू, बोट दुखेल. तेव्हा मला कळलं. हिने आयुष्यभर कापलेच ना. मी कशाला कापू? मी सोडणार." ती हसली. "ताईंनी कापायला सांगितलं नसतं तर मला हे कळलंच नसतं. म्हणून माझी प्रेरणा कोण विचाराल तर आई आणि संजीवनीताई."

सगळा हॉल संजीवनीकडे वळून टाळ्या वाजवू लागला. तिने हात जोडले. शिव्या दिल्या असत्या तरी तिने सहन केल्या असत्या, हे सहन होईना. पोरीकडे चित्र होतं, बोलणं होतं, आणि आता मनाचा मोठेपणाही होता. संजीवनीला त्या मोठेपणाचासुद्धा हेवा वाटला.

परतताना दोघी अंबरनाथच्या शेअर रिक्षात बसल्या. तिसरी सीट रिकामीच होती, तरी रिक्षावाल्याने गाडी काढली. बरंच अंतर गेल्यावर शलाका म्हणाली, "ताई, एक विचारू? ते धागे तुम्हाला खरंच वाईट दिसले होते?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. शलाकाने ते मानलंही असतं. पण त्या टाळ्या अजून संजीवनीच्या कानात होत्या, आणि एका तरी गोष्टीत या पोरीच्या बरोबरीला यावं असं तिला वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "फार चांगले दिसत होते. म्हणूनच काप म्हटलं."

अंबरनाथला उतरून शलाकाने उल्हासनगरची रिक्षा धरली. 'येते' म्हणायचं असतं, ते तिने म्हटलं नाही.

घरी संजीवनीने राजूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण तिने तुझं नाव घेतलं ना स्टेजवर? मग झालं काय?"

"तेच तर झालं," संजीवनी म्हणाली. राजूने मान हलवली आणि सेकंड शिफ्टचा डबा उचलला.

त्या वर्षी तिने प्रदर्शनात रांगोळी काढली नाही. गुडघे दुखतात, असं कळवलं. रविवारी सोफा भिंतीशी सरकवायची, फरशी पुसायची आणि परत जागेवर आणायची. शेवटी दिवाळी सरल्यावर तिने मनाचा हिय्या केला, घरचा चिवडा डब्यात भरला आणि उल्हासनगर गाठलं. शलाकाचं घर कारखान्यांच्या गल्लीत होतं. दार इंदुबाईने उघडलं. संजीवनीने नाव सांगितलं.

"तू ती धागे कापायला लावणारी काय?" इंदुबाई म्हणाली. "बस. माझी पोर रडली हां त्या दिवशी रिक्षातून आल्यावर. पण मी तिला बोलले, बाई बरोबर सांगत होती. धागा कापल्याशिवाय माल पास होत नाही."

संजीवनीला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात शलाका आतून आली. डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मी माफी मागायला आले," संजीवनी म्हणाली. "आणि एक सांगते, हेवा गेलेला नाही. खोटं कशाला बोलू. आताही ते आतलं दिसतंय ना, भिंतीवरचं तुझं चित्र, ते बघून पोटात दुखतंय."

शलाकाने तिच्या हातातून डबा घेतला. "ताई, दुखू दे," ती म्हणाली. "दुखलं की मला तसं सांगा. पण कामाबद्दल परत खोटं बोललात तर मग नका येऊ."

असं त्यांचं परत सुरू झालं. रविवार नाही, पण महिन्यातून एखादी खेप. नवं चित्र झालं की शलाका फोन करते आणि संजीवनी येऊन समोर उभी राहते. "दुखलं," ती म्हणते. कधी म्हणते, "फार दुखलं, डावीकडचा भाग बघू नकोस म्हणतंय मन." शलाका तो डावीकडचा भाग तसाच ठेवते. बाहेरच्या कुणाच्या कौतुकापेक्षा तिचा या दुखण्यावर भरवसा बसला आहे. संजीवनीही पुन्हा रांगोळी काढू लागली आहे. माणसं तीच, फोटोतली. लोक अजून म्हणतात, "फोटोच आहे." पूर्वीसारखं ते गोड लागत नाही, पण हात थांबत नाही.

परवा शलाकाने खूप मेहनतीचं मोठं चित्र दाखवलं. एमआयडीसीचं गेट, सुटलेली शिफ्ट, रिक्षांची रांग. मुंबईच्या एका गॅलरीला ते पाठवायचं होतं. संजीवनी जवळून बघत राहिली, मागे सरकली, परत जवळ गेली. शलाका वाट बघत होती.

"काय झालं, ताई?"

"काहीच नाही झालं," संजीवनी म्हणाली. "अजिबात दुखलं नाही."

शलाकाचा चेहरा पडला. ती चित्राकडे वळली, आणि हळूहळू तिलाही दिसू लागलं असावं. तिने शिलाई उसवायचं हत्यार घेतलं आणि रिक्षांच्या रांगेपासून सुरुवात केली. संजीवनी तिच्या शेजारी बसली, सुटलेल्या चिंध्या छटेप्रमाणे वेगळ्या लावू लागली. चांगलं न झालेलं चित्र बघून आपल्याला आज किती बरं वाटलं, हे मात्र तिने शलाकाला सांगितलं नाही. तेही सांगायला हवं होतं, असं तिला घरी येताना वाटत राहिलं.