कोरड्या दिवशी डब्यांची पार्टी

मला चार माणसांसमोर बोलता येत नाही. (तीन असतील तर घाम येतो, पाचवं आलं की मी स्वयंपाकघरात जाते.) शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला झाड केलं होतं. एकही वाक्य नव्हतं, तरी मी विसरले! काय विसरले ते बाईंनाही सांगता आलं नाही, पण नाटक चालू असताना झाड उठून घरी गेलं, एवढं सगळ्या गावानं पाहिलं.

अशा मी एके दिवशी जाहीर केलं की आपण घरी पार्टी घेणार. साधीसुधी नाही, प्लास्टिकच्या डब्यांची! अठरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गल्लीतल्या बायकांना घरी बोलवायचं, चहा-पोहे द्यायचे, डबे दाखवायचे, चार वाक्यं गोड बोलायची आणि ऑर्डरी लिहून घ्यायच्या, असा तो उद्योग. बोर्डे मॅडम नावाच्या बाई हे काम बघायच्या. त्यांनी लाल बॅगेत नमुन्याचे डबे भरून माझ्या हवाली केले. त्याला त्या 'किट' म्हणायच्या.

"पहिल्याच पार्टीत निदान पाच ऑर्डरी यायला हव्यात हं, सुरेखाताई," त्या म्हणाल्या. "नाही आल्या तर संध्याकाळी किट मी परत नेणार. छावणी भागातली एक जण वाट बघतेय. बोलायला फार गोड आहे ती."

शेवटचं वाक्य त्यांनी गिळलं असतं तरी चाललं असतं!

मला ते किट हवं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात 'माझं' म्हणण्यासारखा कपाटातला एक खण होता, त्यातही वरच्या बाजूला यांचे स्वेटर. आपल्या नावावर काहीतरी असावं, असं फार वाटायचं. आमच्या नणंदबाईंना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "वहिनी डबे इकणार? आगं, तिला भाजीवाल्याला 'कोथिंबीर द्या' म्हणता येत नाय!" (खरं होतं. मी बोट दाखवायचे.)

तारीख काढण्यातच दोन दिवस गेले. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दर तिसऱ्या दिवशी नळ यायचा. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं, नळ मात्र असाच होता. आमच्याकडे साखरपुड्याची तारीखसुद्धा आधी नळाला विचारतात, मग गुरुजींना. नळाच्या दिवशी गल्लीतली कुठलीही बाई कुणाचीच नसते, ती फक्त पिंपाची असते. म्हणून मी मुद्दाम कोरडा दिवस निवडला, गुरुवार.

"कोरड्या दिवशी पार्टी?" आमचे हे म्हणाले. "कोण येईल?" (यांच्या डोक्यात वेगळीच पार्टी होती.)

मॅडमनी भाषण लिहून दिलं होतं. 'नमस्कार मैत्रिणींनो! हे डबे पूर्ण हवाबंद असून त्यांना कसलाही वास लागत नाही. ते एकात एक बसतात आणि जागा कमी घेतात. झाकण लावताना आधी मधोमध दाबा, हवा काढा, फुस्स असा आवाज आला पाहिजे. मग डबा उलटा धरला तरी थेंबभर पाणी सांडत नाही.' एवढंच. मी ते कुकरला म्हणून दाखवलं. उतू जाणाऱ्या दुधाला म्हणून दाखवलं. (तोपर्यंत ते उतू गेलं.) शेवटी यांना दिवाणावर गिऱ्हाईक म्हणून बसवलं.

"नमस्कार मैत्रिणींनो!"

"नमस्कार. बाई, ह्यात मटण राहतं का?"

"भाषणात मटण नाहीये हो!"

"अगं, पण गिऱ्हाईक विचारणारच ना!"

आमच्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, कोपऱ्यात लसूण सोलत हे सगळं बघत होत्या. आत्याबाईंचं अर्धं आयुष्य दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळं विकण्यात गेलेलं. मराठी, हिंदी आणि कुठलीच नाही अशा तिन्ही भाषांत त्यांनी टोपल्या रिकाम्या केलेल्या.

"भजन म्हणतीस का माल इकतीस गं?" त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाच्या हातात फळ द्यायचं आन् आपुन गप बसायचं. तुहं समदं उलटंच."

गप्प बसायचं मला जमलं असतं, पण मॅडमच्या कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी अकरा बायका आल्या. अकरा! पुढे मध्यभागी काळे काकू बसल्या. निवृत्त शिक्षिका, खळ दिलेली नवी इरकल, आणि चूक शोधायची जुनी सवय. शेजारी समोरच्या घरातल्या मंदाताई, आणि भिंतीपलीकडच्या शबाना भाभी. पोहे झाले, चहा झाला. मी दुसऱ्यांदा चहा विचारला, तिसऱ्यांदा विचारला. चौथ्यांदा विचारायला उठले तेव्हा आत्याबाईंनी माझा पदर ओढून मला लाल बॅगेसमोर उभं केलं.

"बोलो ना सुरेखा भाभी," शबाना भाभी म्हणाल्या. "हम कोई खा रै क्या तुमकू?"

मी डोळे मिटले आणि एका दमात सुरू झाले.

"नमस्कार डब्यांनो! ह्या मैत्रिणी पूर्ण हवाबंद असून त्यांना कसलाही वास लागत नाही!"

मला वाटलं, छान चाललंय.

"ह्या एकात एक बसतात आणि जागा कमी घेतात!"

मंदाताईंनी (त्यांचं वजन हा गल्लीत न काढायचा विषय होता) माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढचं भाषण डोक्यातून साफ पुसलं गेलं. राहिलं फक्त प्रात्यक्षिक. डब्यात पाणी घालायचं, झाकण लावायचं आणि डबा पाहुणीच्या मांडीवर उलटा धरायचा. कोरड्या दिवशी प्यायचं पाणी असं 'खेळायला' द्यायला आत्याबाई तयार नव्हत्या, कशाबशा अर्ध्या तांब्यावर राजी झाल्या. मी पाणी ओतलं, झाकण लावलं, काळे काकूंच्या मांडीवर डबा उलटा केला.

फुस्स आवाज मी काढायचा विसरले होते. तो काकूंच्या साडीनं काढला.

अर्धा तांब्या पाणी ते केवढं! पण नव्या इरकलीवर ते पैठणच्या धरणाएवढं दिसलं. काकू उठून निऱ्या पिळायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "बरंय, येतो मग." मंदाताई दाराशी चपला शोधायला लागल्या. मला डोळ्यांसमोर ती छावणीतली गोड बोलणारी बाई दिसायला लागली, लाल बॅग खांद्याला लावून चाललेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तेवढ्यात अंगणातही आलं!

"नळ आला गंऽऽ!" मंदाताई एका पायात चप्पल घालून ओरडल्या. "आगं, कोरड्या दिवशी नळ आला!"

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. असं अवचित आलेलं पाणी पंधरा-वीस मिनिटांचं असतं. त्यातही आमचं घर उताराला, गल्लीत सगळ्यात खाली, म्हणून ते आमच्याच नळाला येतं. चढावरच्या घरांत, अगदी समोर-शेजारीसुद्धा, नळ नुसता सुस्कारे टाकतो. घरी जाऊन घागर आणेपर्यंत खेळ खलास. अकरा बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग अकरा बायकांनी लाल बॅगेकडे पाहिलं.

"अय्या, नमुन्याचे आहेत ते!" मी म्हणेपर्यंत बॅग रिकामी! पिठाचा डबा, डाळीचा डबा, लोणच्याच्या बरण्या, पोळ्यांचा गोल डबा, सगळं अंगणात. नळाची नळी आमच्या हौदात सोडलेली असायची. मी ती बाहेर ओढली, हौदाच्या लोखंडी झाकणावर चढून उभी राहिले आणि नळी हातात धरली. खाली डबेच डबे आणि अकरा तोंडं, सगळी माझ्याकडे वळलेली.

मला काय झालं कोण जाणे. मी ओरडायला लागले.

"मंदाताई, झाकण असं नाही लावायचं! आधी मधोमध दाबा! हवा काढा! फुस्स झालं का?"

"नाय झालं!"

"मग काढा आणि परत लावा! भाभी, तुम्ही रांगेत या! काकू, तो डाळीचा घ्या, त्यात जास्त मावतं! आता आडवा धरा! धरा हो, काही सांडत नाही, मी सांगते ना!"

फुस्स, फुस्स, फुस्स! आमच्या अंगणात नुसती फुसफुस चालली होती. शबाना भाभींनी तीन डबे भरले आणि भिंतीवर ठेवून पलीकडे उतरवायला लागल्या. तिसरा सटकला. सटकला तो भिंतीवरून थेट गल्लीत, आणि उतारानं गडगडत, उड्या मारत गल्लीच्या टोकाच्या खांबावर जाऊन आपटला! सगळ्या जणी फाटकाशी धावल्या. भाभींनी डबा उचलला, उलटा केला, हलवला.

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "एक कतरा नै गिरा!"

मी हौदावरूनच ओरडले, "मग! हवाबंद आहे तो!"

नळ गेला तेव्हा कुठे मला कळलं की गेली वीस मिनिटं मी अकरा बायकांसमोर बोलतेय. मोठ्यानं बोलतेय, हुकूम सोडतेय, आणि सगळ्या ऐकतायत! कुणी काही म्हणो, त्या लोखंडी झाकणावर मला माझा फार अभिमान वाटला. आत्याबाई तर पायरीवर उभ्या राहून सांगत होत्या, "जिनं डबा उचलला तिला नेऊ द्या, पर नाव लिवून जा म्हणावं. आमच्या सुरेखाच्या वहीत लिवा." आमच्या सुरेखाच्या! नऊ वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. पाण्याच्या थेंबांनी शाई पसरली, पण नावं वाचता येत होती. पहिलं नाव काळे काकूंचं होतं, तेही न चुकता शुद्ध लिहिलेलं.

पाचच्या सुमाराला बोर्डे मॅडम आल्या. मी एवढी हवेत होते की काय बोलतेय ते कळलंच नाही.

"मॅडम, अख्खं किट पाण्यात गेलं!"

मॅडम मटकन खाली बसल्या. "तरी मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. मी पुढे काही बोलायच्या आत आत्याबाईंनी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. मॅडमनी नावं मोजली, परत मोजली. अकरा! मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुरेखाताई, तुम्ही नेमकं बोललात तरी काय?"

"जे लिहून दिलं होतंत तेच," मी म्हणाले. (हळू आवाजात.) लाल बॅग रिकामी झाली होती, पण किट माझ्याकडेच राहिलं.

सहाला हे कामावरून आले. यांना सगळं दोनदा सांगितलं. यांनी ते दिवाणावर बसून, मधे मटण न आणता ऐकलं, आणि फोन उचलून आधी बहिणीला लावला. "तुही वहिनी लई बोलती गं!" असं म्हणताना यांची छाती दारात मावेना. फोन ठेवून म्हणाले, "घसा कोरडा पडला. पाणी आण गं."

मी माठात तांब्या घातला. खणकन वाजला. पिंप उघडलं, तळ दिसला. मग आम्ही तिघं अंगणात जाऊन हौदात डोकावलो. हौदात एक झुरळ आरामात फिरत होतं, पाय न भिजवता. अख्ख्या गल्लीचं पाणी मी भरून दिलं होतं, आमच्याच हौदाच्या झाकणावर उभं राहून!

पुढचा नळ शुक्रवारी होता, पण रात्र तर काढायची होती. शेवटी मी काळे काकूंच्या दारात गेले आणि मान खाली घालून पाणी मागितलं. काकू आत गेल्या आणि डाळीचा तो डबा भरून घेऊन आल्या. माझ्या हातात देताना मात्र क्षणभर थांबल्या.

"डबा आठवणीनं परत आण हं, सुरेखा. साधासुधा नाही तो. पूर्ण हवाबंद असून त्याला कसलाही वास लागत नाही. आणि झाकण लावताना आधी मधोमध दाब, हवा काढ..."

मी डबा छातीशी धरून उभी राहिले. काकूंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, एकही चूक न करता. माझं भाषण मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं!