देवळीचं खादीघर आणि मेहुण्याची भूतमोहीम

माझा मेहुणा सनी भुतं शोधतो. चांगली नोकरी सोडून! त्याच्या चॅनलला गाडी हवी होती, बायकोने डोळे वटारले, म्हणून हक्काची रजा मोडून मी सोमवारी नागपूरहून निघालो.

वर्ध्याला तर्री-पोहे हाणले. पोट भक्कम असेल तरच तर्री दुसऱ्यांदा मागा. पुढे देवळीचा रस्ता झकास, दोन्हीकडे कपाशी फुटलेली. गाडी नसेल तर एसटी आहेच.

देवळीबाहेर एका जुन्या खादी कार्यकर्त्याचं घर आहे, आता संग्रहालय झालेलं. चरखे, टकळ्या, त्यांचा पलंग. तिकीट नाही; सोमवारी बंद, म्हणून शूटिंगला मोकळं. सांभाळतात त्यांची मुलगी, प्रमिलाताई. कुण्या उपटसुंभाने 'इथे चरखा आपोआप फिरतो' असा व्हिडिओ टाकला आणि शाळांच्या सहली बंद पडल्या. ट्रस्टवाले आता घराला कुलूप लावायचं म्हणताहेत. भूतवाल्यांनीच भूत नाही म्हटलं तर लोक ऐकतील, म्हणून ताईंनी सनीला बोलावलं. अक्कल बघा लोकांची! मास्तरांचं ऐकणार नाहीत, सनीचं ऐकणार.

वरच्या खोलीत सनीने दिव्यांच्या डब्या मांडल्या; भूत जवळ आलं की त्या लुकलुकतात म्हणे. एक लुकलुकली, त्याची टीम गारठली. माझा मोबाइल वाजला होता. मग सनी सुरू झाला, "कोई है? है तो जवाब दो!" दुपारभर तेच. शेवटी वैतागून म्हणाला, "काहीच नाही इथे." मला हायसं वाटलं.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या ताई सहज बोलून गेल्या, "आज काऊन बोलतीन जी? सोमवार हाये. बाबाचं सोमवारी मौन राहे. जेवणबी खुणेनंच मागत."

झालं! सनीचे डोळे चमकले. "म्हणजे ते आहेत! म्हणूनच गप्प आहेत! कॅमेरा लाव रे!" उत्तर आलं तरी भूत, नाही आलं तरी भूत. त्या गाढवाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

ताईंचा चेहरा पडला. ट्रे खाली ठेवून त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "इथं कोणीच नाई. माहे बाबा मेले. हे घर रिकामं हाये. मले नाई तर कोणाले माहीत असन?" आवाज चिरकला, पदर तोंडाला लावून त्या जिना उतरल्या. मला फार वाईट वाटलं. सनीने स्वतःच कॅमेरा बंद केला.

व्हिडिओ तसाच गेला. सनीच्या प्रेक्षकांनी शिव्या घातल्या, पण शाळांनी तो बघितला. वर्ध्याहून आणलेली गोरसपाक बिस्किटं संपल्यावर कधीतरी ताईंचा फोन आला.

"पोरं आलती जी! नुसता धिंगाणा घातला." खूश होत्या. मग आवाज खाली आला. "तुमी गेले ना, दुसऱ्या दिवशी मी वर गेलती. बाबाले सांगतलं, तसं बोला लागलं, मनावर घेऊ नका."

सनीची टिंगल करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण तोंडून निघूनच गेलं,

"मग? काय म्हणाले?"