सुभेदारकाकांचा पहारा

अख्ख्या अलीगंजात रात्री कोण काय करतं हे दोघांनाच ठाऊक: एक वरचा देव आणि दुसरे आमचे समोरचे सुभेदारकाका. मूळचे साताऱ्याचे, शेवटची पोस्टिंग लखनौला झाली आणि इथंच घर बांधलं. फौज सोडून बारा वर्षं झाली, पण रात्री झोप म्हणून नाही. दहा वाजले की कानटोपी, टॉर्च, शिट्टी आणि फाटकाशी खुर्ची. दिवसा मात्र आमच्या सोफ्यावर, मिक्सर चालू असला तरी, ढाराढूर! "तू जागी हायस न्हवं, पोरी?" एवढं विचारायचं, की आडवे.

काकू बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. "बीपी वाढलंय गं यांचं, असं किती दिवस चालणार?" शेवटी त्यांनी काकांना डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, "पंद्रह दिन नींद की डायरी लिखिए." काकांनी लिहिली हो, पण स्वतःची सोडून सगळ्या गल्लीची! डॉक्टरला मराठी येईना, म्हणून त्यानं काकूंनाच मोठ्यानं हिंदीत वाचून दाखवायला लावली. 'मिश्राजी: लाइट बंद ११.५०, घोरणं चालू ११.५५. पिवळा कुत्रा: बेचैन.' आणि माझ्या नावापुढे, 'रात्री दोन. स्वयंपाकघर. लाडू.' बाहेर निम्मी गल्ली नंबर लावून बसलेली; संध्याकाळपर्यंत माझा लाडू गल्लीभर झाला.

मी तणतणत भांडायला गेले. "काका, झोपा की हो जरा!"

"झोपू कसा? पहारा बदलायला कोण आलंय? बदली आल्याबिगर जागा सोडायची नसती. एकदा वर चौकीवर डुलकी लागली व्हती मला..." एवढं म्हणून काका शिट्टी पुसायला लागले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्या शनिवारी दहाच्या ठोक्याला शाल गुंडाळून मी फाटकात गेले आणि डाव्या हातानं सलाम ठोकला. "पहारा बदलायला आलेय." काका ताडकन उठले. आधी माझा सलामाचा हात उजवा करून घेतला, मग टॉर्च दिला, शिट्टी दिली, कुत्र्यासकट गल्लीचा चार्ज दिला.

"सब ठीक है?" मी विचारलं.

"सब ठीक है," म्हणाले, आणि खरंच आत गेले.

सकाळी आठला काकू माझा चहा घेऊन आल्या, डोळ्यांना पदर लावून. "अजून घोरतायत गं, उठले नाहीत." मलाही भरून आलं. बारा वर्षांत कुणीतरी येऊन एवढंच म्हणायला हवं होतं.

आता शनिवार माझा, बुधवार मिश्राजींचा. मिश्राजी खुर्चीतच घोरायला लागतात. मग मीच उठते आणि लाडू खात खिडकीत उभी राहते. काकांना मात्र हे कुणी सांगू नका.