रंगाची माहिती

चांगदेव वानखेड्यांचं गुलाबी रंगाशी वैर होतं. साडीत, फुलांत असेल तर असो बापडा. पण ब्लॅक अँड व्हाइट फोटोतल्या काळ्यात गुलाबी झाक दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. काळा म्हणजे काळा पाहिजे, बस्स!

वडील महूला फौजेत होते. पोरगं मात्र कॅमेऱ्याच्या नादी लागलं आणि इंदूरच्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये चाळीस वर्षं उभं राहिलं. प्रिंट काढावी तर चांगदेवनं, असं गिऱ्हाइकं बोलून दाखवायची. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि त्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं. तेव्हा बंगलोरला नोकरी करणाऱ्या मानसीनं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, डिजिटल कॅमेरा आणि कॉम्प्युटर घेऊन दिला. साठी ओलांडलेल्या माणसानं हट्टानं सगळं शिकून घेतलं. पण फोटो रंगीत ठेवतील तर शपथ.

यावरून बायको, मंजुळा, त्यांना भारी चिडवायची. "लगीन झाल्यापासून काळी-पांढरीच करून ठेवलीय मला. एकदा तरी रंगात राहू द्या की हो!"

मग तिनं शिवणाच्या पैशांतून एक महेश्वरी साडी घेतली. नेसली, केस नीट केले आणि परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर उन्हात येऊन उभी राहिली.

"कशी दिसतेय?"

"टोन छान येईल," कॅमेऱ्यातून डोळा न काढता चांगदेव म्हणाले.

ती साडी तिनं नेसली ती तेवढीच. पुढच्याच महिन्यात दवाखाना सुरू झाला, आणि दिवाळीच्या आत मंजुळा गेली. शेजारच्या कस्तुरीबाईंनी तिच्या सगळ्या साड्या बायांना वाटून टाकल्या. चांगदेवांनीच सांगितलं होतं तसं. कपाट उघडलं की त्यांना सोसायचं नाही.

आता वर्ष भरत आलं होतं. स्मृतिदिनाला मानसी येणार, विहारातली माणसं येणार, वंदना होणार. भिंतीवर मंजुळेचा मोठा फोटो हवा, आणि तो गच्चीवरचाच हवा. दुसरा धड फोटो होताच कुठे? चांगदेव कामाला लागले. बरं वाटत होतं त्यांना. दिवसभर घरात दुसरा माणूस नाही; निदान पडद्यावर ती समोर होती. चहा गाळताना ते अजून दोन कप मांडायचे आणि एक परत ठेवायचे.

फाइल आरजीबी मोडमध्ये होती. म्हणजे रंग खाली जसेच्या तसे, आणि वर फक्त काळ्या-पांढऱ्याचा एक थर चढवलेला. लाल, पिवळ्या, निळ्याच्या पट्ट्या मागेपुढे सरकवून त्यांनी चेहरा उजळला, साडीला वजन आणलं. अन्नपूर्णा मंदिराजवळच्या लॅबमध्ये प्रिंट काढली आणि घात झाला. मंजुळेच्या केसांत गुलाबी झाक!

"हे काय चालवलंय?" त्यांनी प्रिंट काउंटरवर आपटली.

मशीनवरचा नीरज दोन मुलांचा बाप, समजूतदार माणूस. म्हणाला, "काका, आरजीबी में दोगे तो कलर पेपर पे झाईं आएगी ही. ग्रेस्केल करके लाओ, अपन काली स्याही वाले प्रिंटर पे निकालेंगे."

घरी येऊन चांगदेवांनी मोड बदलून ग्रेस्केल, म्हणजे नुसता काळा-पांढरा, केला. कॉम्प्युटरनं लगेच प्रश्न टाकला: डिस्कार्ड कलर इन्फॉर्मेशन?

चांगदेव चक्क हसले. म्हणे रंगाची इन्फॉर्मेशन! आता हा डबा मला माहिती सांगणार. अरे भिया, चाळीस वर्षं याच धंद्यात काढली, तुझी माहिती ठेव तुझ्याकडे. 'हो' दाबलं. फाइल त्याच नावानं सेव्ह केली, पेनड्राइव्हवर घेतली आणि कॉम्प्युटर बंद करून टाकला. कॅमेऱ्यातलं कार्ड तर त्यांनी कधीच पुसलं होतं.

प्रिंट आली ती मात्र अशी की नीरजसुद्धा दोन मिनिटं बघत राहिला. काळा असा काळा की बस. चांगदेवांनी तिथूनच मानसीला प्रिंटचा फोटो पाठवला आणि फोन लावला.

"मस्तच हो बाबा! पण मला रंगीत पाठवा ना. आई त्या साडीबद्दल फोनवर इतकं बोलली होती! आणि मी विचारलं, कुठला रंग? तर म्हणे, नाही सांगणार, फोटोतच बघ."

"पाठवतो की. त्यात काय."

घरी जाऊन फाइल उघडली. वरचा थर नाही, खालचे रंगही नाहीत. त्यांनी मोड परत आरजीबी केला. मंजुळा होती तशीच राखाडी. लाल चॅनल बघितला, हिरवा बघितला, निळा बघितला. तिन्हीकडे एकच राखाडी.

आल्या पावली ते पुन्हा लॅबमध्ये गेले. नीरजनं बघितलं आणि डोकं खाजवलं. "वापस आरजीबी करने से रंग थोड़ी आता है, काका. बस रंग रखने की जगह बन जाती है. पर टेंशन मत लो. साड़ी कौन से कलर की थी, बता दो. मैं भर देता हूँ, दो मिनट का काम है."

चांगदेव सांगायला गेले.

काठापेक्षा पदर किती गडद, ते त्यांना पाठ होतं. निऱ्यांच्या घडीत काळा कुठे साचतो तेही. पण रंग? कोणती पट्टी सरकवल्यावर साडी उजळली होती? पिवळी? की निळी? सगळ्याच सरकवल्या होत्या मेल्या.

"काका?" नीरज वाट बघत होता.

"आता नको," ते म्हणाले आणि पेनड्राइव्ह तिथेच विसरून निघाले.

कस्तुरीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जांभळी होती ना? की मोरपंखी? वीस-बावीस साड्या होत्या हो, कुठली कुणाकडे गेली, कसं सांगू?"

त्या आठवड्यात त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. जेवायचंही विसरायचे. मंजुळा गेली तेव्हाही माणूस इतका एकटा पडला नव्हता.

स्मृतिदिन नीट पार पडला. वंदना झाली, माणसं जेवून, जयभीम करून पांगली. सगळ्यांनी फोटो वाखाणला. मानसी भिंतीसमोर उभी राहिली.

"बाबा, रंगीत पाठवतो म्हणालात. राहूनच गेलं."

काहीतरी ठोकून देता आलं असतं. मोरपंखी म्हटलं असतं तर पोरीनं जन्मभर मोरपंखी धरली असती. चांगदेव खुर्चीत बसले.

"फाइलमधला रंग गेला, बेटा. माझ्या हातून गेला."

"असू दे ना, बाबा. तुम्ही सांगा ना, कुठला होता?"

"मला माहीत नाही."

"असं कसं? तुमच्यासमोर तर उभी होती."

"होती ना. विचारलंसुद्धा तिनं मला, कशी दिसतेय म्हणून," चांगदेव म्हणाले. "मी बघितलंच नाही गं."